विली लोमनचे स्वभावचित्र

अमेरिकेतील हायस्कुलांच्या वरच्या इयत्तांतून, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना, जी नाटके वर्षानुवर्षे वाचावयास दिली जातात, त्यांत आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाचे स्थान फार वरचे आहे. वरवर पाहता ही निवड चमत्कारिक वाटते. नायक त्रेसष्ट वर्षांचा. धंदा फिरत्या विक्रेत्याचा. नाटकात युद्ध नाही, राजवाडा नाही, प्रेमिकांची ताटातूट नाही. आहे ते घरावरचे कर्ज, रेफ्रिजरेटरचा हप्ता आणि बापलेकांची भांडणे. ज्या मुलांनी अजून एक दिवसाचाही पगार हातात घेतलेला नाही, त्यांना या थकल्या माणसाचे काय समजणार, असा प्रश्न कोणालाही पडावा. तरीही शिक्षक हे नाटक सोडीत नाहीत. ते का सोडीत नाहीत आणि ते नीट शिकवावयाचे तर कसे, याचा विचार आपणांस करावयाचा आहे.

आम्ही प्राध्यापक नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या पुस्तकांनी केले. इंग्रजी नाटक वाचताना शब्दकोश मांडीवर ठेवूनच वाचावे लागले. परंतु नोकरी गेलेला माणूस टेबलापलीकडे बसून आपली हकीगत कशी सांगतो, हे आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. तो काय सांगतो, काय गाळतो, घरी त्याने काय सांगून ठेवलेले असते आणि कागद काय म्हणतात, हे ताडून पाहिल्यावाचून आमचे काम पुढे सरकत नाही. नाटकातले पात्र समजून घेण्याचे काम याहून फारसे वेगळे नाही, असे आमचे मत बनले आहे. आणि त्याच भरवशावर हा विषय घेण्याचे धाडस करीत आहोत.

शेरा आणि पुरावा

‘अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न आपल्याही परीक्षांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे ठरीव उत्तरही परिचयाचे आहे. विली लोमन हा कष्टाळू, कुटुंबवत्सल, परंतु स्वप्नाळू आणि खोटे बोलणारा मनुष्य असून स्वभावदोषांमुळे त्याचा नाश झाला. एवढे लिहिले की मुलगा पास होतो. आमच्या दृष्टीने हे स्वभावचित्र नव्हे, हा शेरा झाला. कारखान्यातील चौकशीत कामगाराच्या नावापुढे ‘उद्धट’, ‘कामचुकार’ असे लिहून ठेवलेले असते, त्याच जातीचा. शेरा मारावयास पुस्तक वाचावे लागत नाही. पुरावा द्यावयाचा तर मात्र पानन् पान उलटावे लागते.

म्हणून शिक्षकाचे पहिले काम म्हणजे विशेषणांवर बंदी घालणे. नाटक पुरते वाचून होईपर्यंत कोणीही विलीला चांगला, वाईट, मूर्ख, बिचारा असे काही म्हणावयाचे नाही. त्याऐवजी वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात विली स्वतःविषयी काय म्हणतो ते लिहावे. दुसऱ्यात तो प्रत्यक्ष काय करतो ते. तिसऱ्यात इतर माणसे त्याच्याविषयी काय बोलतात, आणि तसे बोलण्यात त्यांचा स्वतःचा काय संबंध गुंतलेला आहे, ते. चौथ्यात नाटककाराने कंसात दिलेल्या सूचना. प्रत्येक नोंदीपुढे पानाचा आकडा हवा. तो नसेल तर नोंद बाद. ही शिस्त पहिल्या तासाला कंटाळवाणी वाटते, पण तिसऱ्या तासाला मुले आपण होऊन एकमेकांची पाने तपासू लागतात.

नाटक आणि नाटककार

विस्तारापूर्वी नाटकाची ओळख थोडक्यात करून देणे अवश्य आहे. मिलर यांचा जन्म १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वडिलांचा बायकांचे कोट शिवून विकण्याचा मोठा धंदा होता. १९२९ सालच्या मंदीत तो बुडाला आणि कुटुंब ब्रुकलिनमधील लहान घरात आले. कॉलेजची फी जमविण्यासाठी तरुण मिलर यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या गुदामात नोकरी केली. पुढे १९४८ साली, कनेटिकट राज्यात स्वतःच्या हातांनी उभारलेल्या एका खोपटात बसून, त्यांनी हे नाटक लिहिले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरॉस्को थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक एलिया कझान. विलीच्या भूमिकेत ली जे. कॉब, ज्यांचे वय त्या वेळी अवघे सदतीस होते. ७४२ प्रयोग झाले, आणि त्याच वर्षी नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कथानक एका दिवसाचे आहे. विली लोमन न्यू इंग्लंडच्या भागात मोटारीने फिरून मालाच्या ऑर्डरी गोळा करतो. हल्ली त्याला गाडी हाकवत नाही. मन भलतीकडे जाते. कंपनीने पगार बंद करून त्याला नुसत्या कमिशनवर टाकले आहे. थोरला मुलगा बिफ चौतीस वर्षांचा असून कोठेच स्थिरावलेला नाही. धाकटा हॅपी बढाईखोर. बायको लिंडा सर्वांना सांभाळते. दुसऱ्या दिवशी विली मालकाकडे शहरातील बैठे काम मागावयास जातो आणि नोकरीच गमावून येतो. त्याच संध्याकाळी बिफशी शेवटचे भांडण होते, आणि त्या रात्री विली मोटार घेऊन मृत्यूला सामोरा जातो. आपल्या विम्याचे वीस हजार डॉलर मुलाला मिळतील, या हिशेबाने. शेवटचा छोटा प्रवेश त्याच्या थडग्यापाशी घडतो.

एवढ्या नाटकात विली कोणता माल विकतो, हे मिलर यांनी कोठेही सांगितलेले नाही. मुलांना ही गोष्ट शोधावयास लावावी. दोन दिवस पाने चाळून ती रिकाम्या हातांनी परत येतात, आणि तेव्हा त्यांना कळते की नाटककाराने न सांगितलेली गोष्टही पुरावा असू शकते.

बोलणे आणि आकडे

आता पहिला आणि दुसरा रकाना शेजारी ठेवून पाहू. विली बिफला आळशी म्हणतो, आणि थोड्याच वेळाने सांगतो की बिफमध्ये एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे आळस. शेव्हर्लेट गाडीची तो जगातील उत्तम गाडी म्हणून तारीफ करतो, आणि दुरुस्तीचे बिल पुढे येताच ती गाडी बनविण्यास सरकारने बंदी केली पाहिजे असे म्हणतो. वर्ग येथे हसतो. हसू द्यावे, मिलर यांनी ते हसण्यासाठीच लिहिले आहे. मात्र हसू ओसरल्यावर विचारावे की मधल्या वेळात काय घडले? प्रत्येक वेळी कोणाचे तरी शब्द, कसले तरी बिल, कसली तरी आठवण मध्ये आलेली आढळते. विलीची मते त्याच्या अनुभवातून निघत नाहीत, त्या क्षणाच्या भीतीतून निघतात, हे मुलांना असे हळूहळू उमगते.

याहून चांगला पाठ विक्रीच्या हिशेबाचा आहे. जुन्या दिवसांच्या एका प्रवेशात विली दौऱ्यावरून परत येतो आणि लिंडाला सांगतो की प्रॉव्हिडन्समध्ये पाचशेची आणि बॉस्टनमध्ये सातशेची विक्री झाली. लिंडा पेन्सिल काढून कमिशन मांडते: दोनशे बारा डॉलर. ती हरखून जाते, आणि विली कचरू लागतो. आकडा खाली खाली येत अखेर सगळ्या दौऱ्याची विक्री दोनशेच्या आसपास ठरते. हाती पडणार सत्तर डॉलर आणि काही सेंट. मग लिंडा देण्यांची यादी वाचते. रेफ्रिजरेटर, कपडे धुण्याचे यंत्र, छपराची दुरुस्ती, गाडीचा कार्ब्युरेटर. पंधरा तारखेपर्यंत एकशेवीस डॉलर हवेत.

हा हिशेब फळ्यावर मांडलाच पाहिजे. साहित्याच्या तासाला वजाबाकी कशाला, असे कोणी म्हणेल. पण या नाटकात माणसाचा स्वभाव पैशाच्या आकड्यांतूनच उघडा पडतो. लिंडा त्याला एकदाही खोटारडा म्हणत नाही. ती नुसती बेरीज करते, आणि सत्तर डॉलर हे फार चांगले झाले असेही म्हणते. येथे विलीबरोबर लिंडाचेही स्वभावचित्र निघते.

पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. मुलांपुढे विली छाती काढून सांगतो की न्यू इंग्लंडभर लोक आपल्याला ओळखतात, मान देतात. मुले बाहेर गेल्यावर तोच माणूस लिंडाजवळ कबूल करतो की लोक आपल्याला हसतात, आपली दखल घेत नाहीत, आपण फार बोलतो. म्हणजे खरी गोष्ट विलीला ठाऊक आहे. ती तो एकाच माणसापाशी बोलतो, आणि मुलगे समोर आले की गिळून टाकतो. ‘विली भ्रमात जगतो’ हे मार्गदर्शिकांतील छापील वाक्य या एका नोंदीने डळमळते. भ्रमात असलेल्या माणसाची कीव करता येते. परंतु खरे ठाऊक असून मुलांसाठी खोटे चालवणाऱ्या बापाचे काय करावे, हा प्रश्न सोपा नाही. पोरांना तो फार जवळचा वाटतो, कारण बहुतेकांच्या घरात तो थोडाबहुत असतोच.

भूतकाळ कोणाचा?

या नाटकाच्या बांधणीत एक अडचण आहे, ती आधीच समजावून दिली पाहिजे. मिलर यांनी प्रथम ‘त्याच्या डोक्याच्या आत’ अशा अर्थाचे नाव योजले होते. विली वर्तमानात बोलत असतानाच भूतकाळ त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. जो मील्झिनर यांनी केलेल्या नेपथ्यात घराचा नुसता सांगाडा होता. वर्तमानातील प्रवेशात पात्रे दारातून ये-जा करतात; आठवण सुरू झाली की भिंतीच्या रेषा ओलांडून सरळ पुढे येतात. वर्गात खडूने जमिनीवर घराची आखणी करून मुलांना तसे चालावयास लावले, तर अर्ध्या तासात सर्व उलगडा होतो.

यातून पुराव्याचा प्रश्न उपस्थित होतो. भाऊ बेन सतरा वर्षांचा असताना जंगलात शिरला आणि एकविसाव्या वर्षी श्रीमंत होऊन बाहेर पडला, असे आपण बेनच्या तोंडून ऐकतो. पण बेन मेलेला आहे, आणि रंगभूमीवर दिसतो तो विलीच्या डोक्यातला बेन. त्याचे बोलणे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? हुशार मुले येथे पाचवा रकाना काढतात: विलीला जे आठवावेसे वाटते ते. साक्षीदाराची आठवण आणि घडलेली गोष्ट यांत अंतर असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. मुलांना ते नाटकातून शिकता येते.

हॉवर्डच्या कचेरीत

आता ज्या प्रवेशापाशी आम्ही स्वतः वाचताना पुष्कळ वेळ थांबलो, तो घेऊ. विली आपल्या तरुण मालकापुढे, हॉवर्ड वॅग्नरपुढे, उभा आहे. हॉवर्डने नवे ध्वनिमुद्रणयंत्र विकत आणले असून तो बायकामुलांचे आवाज ऐकवण्यात दंग आहे. विलीला बोलावयास फटच मिळत नाही. अखेर तो सांगतो की यापुढे फिरतीचे काम झेपत नाही, शहरात जागा द्या, आठवड्याला पासष्ट डॉलर पुरेत. जागा नाही असे कळताच तो पन्नासावर येतो. मग चाळिसावर.

पासष्ट, पन्नास, चाळीस. हॉवर्डने एकदाही उलट आकडा सांगितलेला नाही. भाव विलीच खाली आणतो आहे, आणि तोही स्वतःचाच. एकटा माणूस मालकाच्या दालनात शिरला की कसे होते, हे याहून नेमकेपणाने दाखविलेले आमच्या वाचनात नाही. आधार म्हणून विलीजवळ काय आहे? हॉवर्डच्या बापाने दिलेली वचने. आणि हॉवर्ड तान्हा असताना बाप त्याला कचेरीत घेऊन येई, ही आठवण. आमच्या कचेरीत येणारी माणसेही हेच भांडवल घेऊन येतात. थोरले साहेब मला मुलासारखे मानीत, असे सांगतात. लेखी काय आहे असे विचारले की गप्प होतात.

येथे वर्गाची सहानुभूती एकदम विलीकडे झुकते आणि हॉवर्ड खलनायक ठरतो. शिक्षकाने ते होऊ देऊ नये. हॉवर्डसाठीही चार रकाने काढावेत. तो ओरडत नाही. विलीची उपासमार व्हावी अशी त्याची इच्छा नाही. मुलांकडे मदत मागा, विश्रांती घ्या, असेच तो म्हणतो. १९२८ साली आपण आठवड्याला सरासरी एकशेसत्तर डॉलर कमिशन मिळवीत होतो असे विली म्हणतो, आणि तसे कधीच नव्हते असे हॉवर्ड म्हणतो. वही कोणीच उघडत नाही. आपण विक्रीचा हिशेब पाहिलेला असल्यामुळे विलीच्या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. नोकरीची वर्षेही तशीच: लिंडा छत्तीस म्हणते, विली मालकापुढे चौतीस म्हणतो. आणि इतके सगळे धरूनही, तीस-पस्तीस वर्षे राबलेल्या माणसाला काही न देता दाराबाहेर घालविले, ही गोष्ट जशीच्या तशी उरते. खोटे बोलणाऱ्या माणसावरही अन्याय होऊ शकतो. या एका वाक्याचा अर्थ ज्या वर्गाला समजला, त्या वर्गाने नाटक वाचले असे खुशाल समजावे.

चाळीस मागितले, पन्नास नाकारले

हॉवर्डकडून निघून विली शेजारच्या चार्लीच्या कचेरीत जातो. चार्ली त्याला कित्येक आठवडे पन्नास डॉलर उसने देत आहे, आणि विली ते घरी स्वतःची कमाई म्हणून दाखवीत आहे. आज चार्ली पुन्हा विचारतो की माझ्याकडे कामाला ये, आठवड्याला पन्नास देतो, गावोगाव फिरावयाचे नाही. विली नकार देतो. जो माणूस नुकताच चाळिसासाठी गयावया करीत होता, तो पन्नास नाकारतो!

स्वभावचित्रणाचा एकच प्रश्न विचारावयाचा झाला तर हा विचारावा: का नाकारले? याचे उत्तर पुस्तकात एका ओळीत सापडत नाही, ही त्याची थोरवी. कोणी म्हणेल, अहंकार. मग उसने घेताना अहंकार कोठे गेला? कोणी म्हणेल, मत्सर. कारण ज्या बर्नार्डला विलीची मुले पुस्तकी किडा म्हणून हिणवीत, तो चार्लीचा मुलगा आज वकील होऊन सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडावयास निघाला आहे. कोणी म्हणेल, चार्लीची नोकरी पत्करणे म्हणजे आपण सांगत आलो ते सारे खोटे होते अशी कबुली देणे. तिन्ही उत्तरांना पाने दाखविता येतात. मुलांना एकमेकांशी वाद घालू द्यावा, आणि शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे.

आमचे मत विचाराल तर तिसऱ्या उत्तराकडे आमचा कल आहे. उसने पैसे रात्रीच्या अंधारात घेता येतात. नोकरीवर मात्र रोज सकाळी उजेडी जावे लागते. विलीच्या मनात डेव्ह सिंगलमन नावाचा एक विक्रेता घर करून बसला आहे. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, पायांत हिरव्या मखमली सपाता घालून, हॉटेलच्या खोलीतून नुसत्या टेलिफोनवर तो माल विकीत असे, आणि तो वारला तेव्हा शेकडो लोक प्रेतयात्रेस आले होते. विलीने आपला धंदा पगारासाठी पत्करला नाही. त्या प्रेतयात्रेसाठी पत्करला. चार्लीच्या पन्नास डॉलरांत ती प्रेतयात्रा येत नाही. आणि विलीच्या थडग्यापाशी येते कोण? बायको, दोन मुलगे, चार्ली आणि बर्नार्ड.

घरची माणसे

विलीवर सारा वेळ खर्च करून बाकीच्यांना एका तासात उरकण्याची चाल आहे, ती बरी नाही. लिंडाला मुले एक तर देवी ठरवितात, नाही तर तिच्या गप्प राहण्याला दोष देतात. त्यांना एक गोष्ट दाखवावी. लिंडा आपले फाटलेले पायमोजे रफू करीत बसते आणि विलीला ते पाहवत नाही. कारण बॉस्टनमध्ये दुसऱ्या एका स्त्रीला त्याने नवे मोजे दिलेले आहेत. लिंडाला हे नाटक संपेपर्यंत कळत नाही. बिफला कळलेले आहे. गणितात नापास झालेला सतरा वर्षांचा बिफ बापाची मदत मागावयास बॉस्टनच्या हॉटेलात गेला आणि त्याने त्या स्त्रीला पाहिले. एकाच वस्तूने घरातील तीन माणसांची तीन स्वभावचित्रे उमटतात: एकाला लाज, एकीला काटकसर, एकाला संताप. वस्तूवरून माणसाकडे जाण्याची ही रीत मुलांना फार आवडते.

बिफ हा या वाचकांचा खरा प्रतिनिधी. एका मोठ्या माणसाच्या कचेरीतून फाउंटन पेन उचलून पळताना तो मध्येच थांबतो आणि स्वतःला विचारतो की हे मी काय करतो आहे? आपण सामान्य माणूस आहोत हे तो बापाला तोंडावर सांगतो आणि रडतो. त्या रडण्यातून विलीला एवढेच समजते की पोराचे आपल्यावर प्रेम आहे. म्हणून तो त्याच्यासाठी विम्याचे पैसे मिळवावयास निघतो. म्हणजे मुलगा सोडवू पाहतो आहे त्या गाठीतच बाप अधिक घट्ट अडकतो. हॅपी मात्र थडग्यापाशीही बापाचेच स्वप्न पुढे चालविण्याचा पण करतो. एकाच घरात, एकाच बापाच्या हाताखाली वाढलेले हे दोन भाऊ. परिस्थितीच माणसाला घडविते असे म्हणणाऱ्याने, आम्ही धरून, येथे क्षणभर थांबले पाहिजे.

विलीला कोणी मारले?

नाटक संपल्यावर वर्गात खटला उभा करण्याची पद्धत उपयुक्त आहे. आरोपी पुष्कळ: हॉवर्ड, बेनची भुरळ, लिंडाचे मौन, बॉस्टनची रात्र, विली स्वतः, आणि नाव दाखविता येणार नाही अशी एक समजूत, की ज्याच्यावर लोक लुब्ध होतात तोच पुढे जातो.

आमच्यासारख्यास येथे मोह होतो. भांडवलशाहीने मारले, असे म्हणून वही मिटावी. त्याला आधारही आहे. हे नाटक रंगभूमीवर आले त्याच १९४९ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील सुमारे पाच लाख पोलाद कामगारांनी संप केला, आणि त्यांची मुख्य मागणी कंपनीच्या खर्चाने निवृत्तिवेतन मिळावे ही होती. १९३५ च्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्याप्रमाणे वृद्धवेतनाचे वय पासष्ट होते, विली त्रेसष्टाचा. म्हातारपणाची भाकरी कोणी द्यावयाची, हा त्या काळी त्या देशात रस्त्यावर लढला जाणारा प्रश्न होता. विलीच्या तोंडी संघटनेचा एक शब्दही नाही. रस्त्यावरचा तो लढा आणि विलीचा एकटेपणा शेजारी मांडून दाखविले तर मुलांना इतिहास आणि नाटक दोन्ही कळतात.

परंतु तेवढ्याने पुरे होत नाही, कारण चार्लीची नोकरी समोर होती. आणि ‘विलीच्या स्वभावाने मारले’ एवढ्यानेही पुरे होत नाही, कारण हॉवर्डची कचेरीही समोर होती. पहिला प्रयोग झाल्यावर थोड्याच दिवसांनी मिलर यांनी एक निबंध लिहून, शोकान्त नाटकाचा नायक होण्याचा अधिकार राजाइतकाच साध्या माणसालाही आहे, असे प्रतिपादन केले. साध्या माणसाला तो मान द्यावयाचा तर त्याची चूकही त्याच्या पदरात घातली पाहिजे. नुसता बळी ठरविला की तो माणूस उरत नाही, फिर्यादीतला कागद होतो.

उलट बाजूच्या लोकांना मात्र हे नाटक फार झोंबले. १९५१ साली त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा विक्रेत्याचे आयुष्य किती सुखाचे असते हे दाखविणारी एक छोटी फिल्म कंपनीने तयार करविली. ती चित्रपटाच्या आधी दाखवावयाची होती. मिलर यांनी कडक हरकत घेतल्यावर ती मागे घेण्यात आली. ही हकीगत वर्गात जरूर सांगावी. आपल्याच नाटकाला घाबरलेली माणसे पाहिली म्हणजे नाटकाचे वजन मुलांच्या ध्यानात येते.

शिक्षकाने जपावयाच्या गोष्टी

दोन गोष्टी सांगून संपवितो. पहिली नाजूक आहे. हे आत्महत्येचे नाटक आहे, आणि समोरच्या बाकांवर कोणाच्या घरात काय चालले आहे ते शिक्षकास ठाऊक नसते. म्हणून शेवटच्या अंकाची कल्पना मुलांना आधी द्यावी, आणि कोणास एकट्याने बोलावयाचे असल्यास वेळ राखून ठेवावा. त्याबरोबर विलीचा अखेरचा हिशेब तपासून दाखवावा. माणसे जमतील असे त्याला वाटले, जमली नाहीत. पैशाने बिफ मोठा होईल असे वाटले. बिफला ते स्वप्नच नको होते. घराचा शेवटचा हप्ता लिंडाने त्याच दिवशी भरला, आणि घरात राहावयास तोच उरला नाही. नाटककाराने त्या मरणाला कोठेही यश दिलेले नाही. हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पानांवर पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच विलीवर थांबू नये. कॉब धिप्पाड होते. १९८५ च्या दूरदर्शनपटातील डस्टिन हॉफमन चणीने लहान. मिलर यांनी स्वतः १९८३ साली बीजिंगमध्ये चिनी नटांकडून हे नाटक बसविले, आणि जेथे फिरता विक्रेता ही जातच अपरिचित होती तेथेही प्रेक्षकांनी बाप आणि मुलगा ओळखले. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये वेंडेल पिअर्स यांनी विलीची भूमिका केली, तेव्हा लोमन कुटुंब कृष्णवर्णीय होते. तेच शब्द, परंतु गोऱ्या हॉवर्डपुढे उभ्या असलेल्या विलीच्या तोंडी त्यांचे वजन बदलले. मुलांना विचारावे: तुमच्या चार रकान्यांतील कोणती नोंद आता वेगळी वाचावी लागते?

विलीच्या हातांत कसब होते. घराची पायरी त्याने सिमेंट कालवून स्वतः बांधली, छत स्वतः बसविले. त्याने केलेल्या सगळ्या विक्रीपेक्षा त्या पायरीत त्याचा अधिक अंश आहे, अशा आशयाचे बिफ थडग्यापाशी बोलतो. या बोलण्यापाशी वर्ग बहुधा शांत होतो. आम्हांस वाटते, त्या शांततेत प्रत्येक मूल आपल्या बापाच्या हातांचा विचार करीत असते. आपला बाप कोठे नोकरी करतो हे त्याला ठाऊक असते. त्याला काय करता येते, हे बहुधा कोणी त्याला विचारलेले नसते. त्या संध्याकाळी एखाद्या मुलाने घरी जाऊन तेवढे विचारले, तरी शिक्षकाचे सहा तास सत्कारणी लागले असे आम्ही समजू.